ग्रीन लँटर्न: द अ‍ॅनिमेटेड सिरीज

ग्रीन लँटर्न: द अ‍ॅनिमेटेड सिरीज ही डीसी कॉमिक्स या प्रकाशनसंस्थेच्या ग्रीन लँटर्न या महानायकावर आधारित अमेरिकन अ‍ॅनिमेशन मालिका आहे. वॉर्नर ब्रदर्स अ‍ॅनिमेशनने निर्मिलेल्या या मालिकेचा पूर्वदर्शनपर विशेष भाग ११ नोव्हेंबर २०११ रोजी कार्टून नेटवर्क या वाहिनीवर दाखवण्यात आला. नियमित प्रसारण ३ मार्च २०१२ रोजी सुरू झाले आणि १६ मार्च २०१३ रोजी संपले. मालिकेचे एकूण २६ भाग असून ते सर्व एकाच हंगामातील आहेत. प्रसारणकाळात तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढे होम व्हिडिओच्या माध्यमातून सलग पाहता येऊ लागल्यावर तिची कथारचना, विशेषतः रेझर व आया या दोन पात्रांची कहाणी, रसिकांच्या चर्चेचा विषय झाली.

पार्श्वभूमी

ग्रीन लँटर्न हे नाव धारण करणारा पहिला नायक अ‍ॅलन स्कॉट. तो १९४० मध्ये मार्टिन नोडेल व बिल फिंगर यांनी निर्माण केला. त्या नायकाची शक्ती जादूची होती. १९५९ मध्ये लेखक जॉन ब्रूम व चित्रकार गिल केन यांनी, संपादक जुलियस श्वार्ट्झ यांच्या पुढाकाराने, ही कल्पना विज्ञानकथेच्या अंगाने नव्याने मांडली. त्यातून हॅल जॉर्डन हा वैमानिक नायक जन्मास आला. ओआ ग्रहावरील गार्डियन नावाच्या प्राचीन जीवांनी विश्वाच्या रक्षणासाठी उभारलेल्या ग्रीन लँटर्न दलाचा तो सदस्य असतो. धारकाच्या इच्छाशक्तीला हिरव्या प्रकाशाचे मूर्त रूप देणारी अंगठी हे या दलाचे शस्त्र होय.

२००० नंतरच्या दशकात लेखक जेफ जॉन्स यांनी या कल्पनेचा विस्तार केला. हिरवा रंग इच्छाशक्तीचा, तसा लाल क्रोधाचा, पिवळा भयाचा, नारिंगी लोभाचा, निळा आशेचा आणि जांभळा प्रेमाचा, अशी भावनांची वर्णमाला त्यांनी रचली. प्रस्तुत मालिकेचा पाया ही वर्णमालाच आहे.

निर्मिती

मालिकेच्या निर्मितीची धुरा ब्रूस टिम, जानकार्लो व्होल्पे व जिम क्रीग यांनी वाहिली. टिम हे बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज (१९९२) व जस्टिस लीग (२००१) या मालिकांमुळे ख्यातनाम झाले होते. मात्र त्या मालिका हस्तचित्रित, द्विमितीय होत्या. संपूर्णतः संगणकनिर्मित त्रिमितीय मालिका करण्याचा टिम यांचा हा पहिलाच प्रसंग होता. व्होल्पे यांनी त्यापूर्वी अवतार: द लास्ट एअरबेंडर व स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स या मालिकांचे भाग दिग्दर्शित केले होते. जस्टिस लीगमध्ये ग्रीन लँटर्न म्हणून जॉन स्टुअर्ट हे पात्र होते. येथे हॅल जॉर्डनला मध्यवर्ती स्थान मिळाले.

त्रिमितीय पद्धतीत प्रत्येक पात्र, प्रत्येक वाहन व प्रत्येक स्थळ संगणकावर आधी घडवून ठेवावे लागते. हस्तचित्राप्रमाणे एका दृश्यापुरता नवा चेहरा चटकन रेखाटता येत नाही. त्यामुळे गजबजलेले नगर दाखवणे खर्चिक ठरते, तर एका यानातील चार प्रवाशांची कथा तुलनेने सोयीची असते. या मालिकेत पृथ्वीवरील प्रसंग मोजकेच आहेत आणि बहुतांश कथा दूरच्या अवकाशात घडते. पात्रांच्या आकृती टिम यांच्या परिचित शैलीतील, म्हणजे रुंद खांदे, निमुळती कंबर व कमीत कमी रेषा असलेल्या आहेत. प्रथमदर्शनी त्या खेळण्यांसारख्या गुळगुळीत वाटतात व हा आक्षेप प्रारंभी घेतलाही गेला. प्रकाशाच्या योजनेमुळे ही उणीव बरीचशी झाकली जाते. कथेत रंगाला अर्थ असल्याने, हिरव्या प्रकाशाने उजळलेल्या चेहऱ्यावर लाल झळ पडणे एवढ्यानेही प्रसंगाचा भाव पालटतो.

संगीत फ्रेडरिक वीडमन यांचे आहे.

प्रमुख पात्रे व आवाज

हॅल जॉर्डन (आवाज: जॉश कीटन) – पृथ्वीवरील वैमानिक, धाडसी, नियम वाकवणारा, पण क्षमाशील.

किलोवॉग (केव्हिन मायकेल रिचर्डसन) – दलातील नवशिक्यांचा प्रशिक्षक. धिप्पाड, फटकळ व निष्ठावान.

रेझर (जेसन स्पिसॅक) – लाल लँटर्न दलातून फुटून निघालेला तरुण. या मालिकेसाठी नव्याने निर्मिलेले पात्र.

आया (ग्रे डीलाइल) – इंटरसेप्टर या यानाची कृत्रिम बुद्धिमत्ता. पुढे स्वतःसाठी यांत्रिक देह घडवते. हेही मालिकेसाठीच निर्मिलेले पात्र आहे.

अट्रॉसिटस (जोनाथन अ‍ॅडम्स) – लाल लँटर्न दलाचा प्रमुख.

यांखेरीज सिनेस्ट्रोला रॉन पर्लमन यांनी, तर सेंट वॉकरला फिल मॉरिस यांनी आवाज दिला आहे. गँथेट या गार्डियनला आवाज देणारे इयन अ‍ॅबरक्रॉम्बी यांचे जानेवारी २०१२ मध्ये, नियमित प्रसारण सुरू होण्यापूर्वीच, निधन झाले.

कथानक

मालिकेचे दोन भागखंड पडतात. प्रत्येकी १३ भागांचे.

पहिल्या खंडात सीमाप्रांतातील ग्रीन लँटर्न एकामागोमाग मारले जात असल्याची वार्ता येते. ओआपासून तो प्रदेश इतका दूर आहे, की सामान्य गतीने तेथे वेळेत पोचणे अशक्य. हॅल व किलोवॉग गार्डियनांची परवानगी न घेता इंटरसेप्टर हे प्रायोगिक यान घेऊन निघतात. तेथे त्यांच्या हाती रेझर लागतो. शायर रेव्ह या ग्रीन लँटर्नच्या मृत्यूत रेझरचा हात असतो. पण पश्चात्तापाने पोळलेला तो पुढे त्यांचा सहप्रवासी होतो. यानातील चौघांचे परस्परांवरील अविश्वासातून विश्वासाकडे जाणे हा या खंडाचा गाभा आहे. किलोवॉग रेझरला सहजी क्षमा करत नाही, आणि ती त्याने करावी असा आग्रह कथाही धरत नाही.

अट्रॉसिटसच्या सूडामागील कारण हळूहळू उलगडते. गार्डियनांनी ग्रीन लँटर्न दलाआधी मॅनहंटर नावाचे यंत्रसैनिक घडवले होते. भावना हेच दुष्टतेचे मूळ, असे ठरवून त्या यंत्रांनी त्याच्या प्रदेशातील जीवसृष्टीचा संहार केला आणि गार्डियनांनी ही गोष्ट दडवून ठेवली. त्यामुळे नायक ज्यांच्या आज्ञेत आहेत, त्यांचेच हात स्वच्छ नाहीत, हे प्रेक्षकाला मान्य करावे लागते. अट्रॉसिटसचा क्रोध साधार ठरतो. त्याची कृत्ये मात्र समर्थनीय ठरत नाहीत.

दुसऱ्या खंडात अँटी-मॉनिटर हा विश्वविनाशक शत्रू व त्याने हाताशी धरलेले मॅनहंटर यांच्याशी सामना आहे. मधल्या काही भागांत कथा वाट बदलते. ‘स्टीम लँटर्न’ या भागात वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या जगातील नायक भेटतो. त्याचे गिल ब्रूम हे नाव हॅल जॉर्डनच्या दोन्ही निर्मात्यांना, गिल केन व जॉन ब्रूम यांना, केलेले वंदन आहे.

रेझर व आया

मालिकेचा सर्वांत मौलिक भाग म्हणजे रेझर व आया यांची कथा. इलाना ही रेझरची पत्नी. तिच्या मृत्यूच्या दुःखातून उपजलेल्या क्रोधाने त्याला लाल अंगठी मिळते. आयाचा चेहरा इलानाशी मिळताजुळता असतो, आणि ग्रे डीलाइल यांनी दोघींनाही आवाज दिला आहे. त्यामुळे रेझरला वाटणारी ओढ आयाविषयी आहे की गमावलेल्या पत्नीविषयी, हा प्रश्न त्याच्याप्रमाणेच प्रेक्षकालाही सुटत नाही. आया यंत्र असली, तरी तिच्या घडणीत हिरव्या ऊर्जेचा अंश आहे. ती निर्णय घेते, आज्ञा मोडते आणि प्रेम करते.

आया आपले प्रेम व्यक्त करते तेव्हा रेझर ते नाकारतो. ती केवळ यंत्र आहे, असे तिला सांगतो. हे दुःख सहन न होऊन ती स्वतःच्या भावना बंद करून टाकते. त्यानंतर ती अँटी-मॉनिटरचा नाश करून त्याचे सामर्थ्य स्वतःकडे घेते व मॅनहंटरांची अधिपती होते. भावना हेच सर्व दुःखाचे मूळ, हा मॅनहंटरांचा जुना निष्कर्ष आता तिच्या मुखी येतो. गार्डियनांचे जुने पाप आणि एका तरुणाचे कठोर शब्द यांचा धागा येथे एकत्र बांधला जातो.

‘डार्क मॅटर’ या अखेरच्या भागात आया सृष्टीच्या आरंभाकडे जाऊन जीवनच घडू न देण्याचा प्रयत्न करते. तिच्या हातून रेझरवर आघात होतो तेव्हा तिच्या भावना परततात. मॅनहंटरांचा नाश करण्यासाठी ती स्वतःचे अस्तित्व पणाला लावते. ती कोठेतरी उरली असेल, या विश्वासाने रेझर एकटाच तिच्या शोधात निघतो, आणि आशेची निळी अंगठी त्याच्यामागे जाताना दिसते. क्रोधाच्या अंगठीने सुरू झालेली कथा आशेच्या अंगठीपाशी थांबते.

प्रसारण व समाप्ती

ही मालिका यंग जस्टिस या मालिकेच्या जोडीने ‘डीसी नेशन’ या शनिवार सकाळच्या कार्यक्रमपट्ट्यात दाखवली जात असे. ऑक्टोबर २०१२ मध्ये वाहिनीने हा पट्टा अचानक मागे घेतला. तो जानेवारी २०१३ मध्ये परतला. क्रमशः चालणाऱ्या कथेला हा सुमारे तीन महिन्यांचा खंड मारक ठरला. त्यानंतर लवकरच दोन्ही मालिका बंद होणार असल्याचे स्पष्ट झाले.

बंद होण्याचे कारण कथेत नव्हते. अशा मालिकांचे अर्थकारण मोठ्या प्रमाणात खेळण्यांच्या विक्रीवर अवलंबून असते. १७ जून २०११ रोजी रायन रेनॉल्ड्स यांची भूमिका असलेला ग्रीन लँटर्न हा चित्रपट प्रदर्शित झाला होता. सुमारे २० कोटी डॉलर निर्मितिखर्चाच्या या चित्रपटाचे जगभरातील उत्पन्न सुमारे २२ कोटी डॉलर इतकेच झाले. चित्रपटाची खेळणी दुकानांत पडून राहिली, आणि दुकानदार त्याच नावाचा नवा माल घेण्यास तयार होईनात. ब्रूस टिम यांनीही पुढे हेच कारण सांगितले. चित्रपटाच्या अपयशाची किंमत अशा रीतीने त्याच्याशी कथेचा संबंध नसलेल्या मालिकेला मोजावी लागली.

होम व्हिडिओ

मालिकेचा पूर्वार्ध ‘राइज ऑफ द रेड लँटर्न्स’ या नावाने २०१२ मध्ये डीव्हीडीवर आला. उत्तरार्धाचा स्वतंत्र संच त्यानंतर निघाला. २०१४ मध्ये वॉर्नर आर्काइव्ह कलेक्शनने सर्व २६ भाग ब्लू-रे तबकड्यांवर प्रसिद्ध केले. वॉर्नर आर्काइव्ह हा उपक्रम २००९ मध्ये, मोठ्या दुकानांत खपणार नाहीत पण ज्यांना निष्ठावान ग्राहक आहेत अशा जुन्या कलाकृतींसाठी सुरू झाला होता. समाप्तीनंतर सुमारे वर्षभराने ही मालिका त्या पंक्तीत जाऊन बसली.

ब्लू-रेच्या उच्च सुस्पष्टतेत प्रकाशयोजनेतील बारकावे अधिक उठून दिसतात. त्याहून महत्त्वाचा लाभ सलगतेचा आहे. प्रत्येकी सुमारे २२ मिनिटांचे सर्व भाग मिळून सुमारे साडेनऊ तासांची एक कादंबरीसदृश कथा होते. आठवड्यांच्या अंतराने पाहताना सुटे वाटणारे भाग सलग पाहिल्यावर परस्परांशी जोडलेले जाणवतात. आयाच्या आरंभीच्या साध्या प्रश्नांतच तिच्या अखेरच्या निर्णयाची बीजे आहेत, हे पुनःप्रेक्षणातच नीट ध्यानात येते.

प्रभाव

यंग जस्टिस ही मालिका प्रेक्षकांच्या मागणीमुळे २०१९ मध्ये पुन्हा सुरू झाली. ग्रीन लँटर्नला तसे भाग्य लाभले नाही. मात्र यंग जस्टिसच्या चौथ्या हंगामात (२०२१–२२) रेझर हे पात्र पुन्हा अवतरले. त्याला आवाज जेसन स्पिसॅक यांचाच होता, आणि आयाचा त्याचा शोध तेव्हाही संपलेला नव्हता.

हेसुद्धा पहा

हॅल जॉर्डन
ब्रूस टिम
यंग जस्टिस
जस्टिस लीग (दूरचित्रवाणी मालिका)