पऱ्हाटीचे कूळ

वर्धा जिल्ह्यात पऱ्हाटी म्हटले जाणारे कापसाचे झाड भेंडीच्या कुळातील गॉसिपियम या वंशाचे असून, त्याच्या देशी जातींचे धागेदोरे आफ्रिकेपर्यंत पोचतात. त्यांपैकी हर्बेसियम या जातीचे रानटी रूप आजही त्या खंडाच्या दक्षिण भागात आढळते. लिनियसने १७५३ साली हर्बेसियम आणि आर्बोरियम या दोन्ही जातींना नावे दिली, परंतु भारतातील असंख्य वाण कोणत्या जातीत घालावेत, हा वाद पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला.

व्यापाऱ्यांना हा वाद ठाऊकच नव्हता. त्यांनी रुईची प्रतवारी धाग्याच्या लांबीवर आणि मऊपणावर लावली, आणि त्या कसोटीवर हिंगणघाटच्या ‘बनी’ या वाणाने मोठे नाव कमावले. १८६०च्या दशकात कापूस आयुक्त रिव्हेट-कार्नॅक यांनी तिच्या शुद्ध बियाण्याचा आग्रह धरला, तरी आखूड धाग्याच्या पण रुईचा उतारा जास्त देणाऱ्या ‘जरी’ने तिला हळूहळू शेतातून हुसकले. धागा हे कुळाचे लक्षण मानता येत नाही, कारण तो सरकीच्या सालीवरील एकाच पेशीची वाढ असतो आणि निवड, जमीन व पाऊस यांनुसार त्याची लांबी बदलते.

म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ फुलाकडे वळले. फुलाच्या तळाशी पानांसारखी तीन छदे असतात: आर्बोरियममध्ये ती रुंदीपेक्षा लांब, कडेला थोडेच दाते असलेली आणि कळीला घट्ट बिलगलेली, हर्बेसियममध्ये रुंद, अनेक दात्यांची आणि बाहेर फाकलेली. बोंडही साक्ष देते, कारण आर्बोरियमचे बोंड टोकाकडे निमुळते होते व त्यावरील खळग्यांत तैलग्रंथींचे काळसर ठिपके उठून दिसतात, तर हर्बेसियमचे गोलसर आणि बरेचसे गुळगुळीत असते. जॉर्ज वॅट यांनी १९०७च्या ग्रंथात सरकीवरील आखूड लवेलाही मोठे महत्त्व दिले आणि त्यामुळे जातींची संख्या फुगली. इंदूरला काम केलेल्या हचिन्सन यांनी सिलो व स्टीफन्स यांच्यासह १९४७ साली संकराचा पुरावा जोडून ती आटोक्यात आणली. बनी त्यानंतर आर्बोरियमच्या ‘इंडिकम’ गटात स्थिरावली. मात्र आर्बोरियम हर्बेसियममधूनच निपजली, हे त्यांचे अनुमान टिकले नाही: दोन्ही जाती माणसाने लागवडीस आणण्यापूर्वीच वेगळ्या झाल्या होत्या, असे जनुकीय अभ्यास आता दाखवतात.