थंडरबर्ड ॲड-ऑन : सेटिंग्जचा साठा

थंडरबर्ड या मुक्त ईमेल प्रोग्रामला (पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४) जोडलेली ॲड-ऑन वापरकर्त्याच्या निवडी, तयार मजकूर आणि नियम जिथे जतन करतात ती जागा. ॲड-ऑनची फाइल आणि त्याच्या सेटिंग्ज या दोन वेगळ्या गोष्टी होत. फाइल बहुधा पुन्हा उतरवून घेता येते. सेटिंग्ज हरवल्या की वापरकर्त्याची वर्षानुवर्षांची मेहनत जाते, म्हणून ही जागा माहीत असणे महत्त्वाचे.

प्रोफाइल : बहुतेक सर्व साठा प्रोफाइल फोल्डरात असतो. विंडोजवर तो ‘ॲपडेटा’मधील ‘रोमिंग’खाली ‘थंडरबर्ड’ व त्यात ‘प्रोफाइल्स’ येथे, मॅकवर ‘लायब्ररी’खालील ‘थंडरबर्ड’मध्ये, तर लिनक्सवर परंपरेने होम फोल्डरातील टिंबाने सुरू होणाऱ्या, म्हणून एरवी न दिसणाऱ्या, ‘.थंडरबर्ड’मध्ये सापडतो. स्नॅप किंवा फ्लॅटपॅकमधून बसवलेल्या प्रतीत ही वाट बदलते. एकाच संगणकावर अनेक प्रोफाइल असू शकतात. त्यामुळे शोधाशोध करण्यापेक्षा ‘हेल्प’ मेनूतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडावे. तिथे चालू प्रोफाइलचा फोल्डर थेट उघडण्याची सोय आहे.

जुनी पद्धत : पूर्वीची ॲड-ऑन आपल्या सेटिंग्ज प्रोग्रामच्याच ‘प्रेफ्स.जेएस’ या फाइलमध्ये लिहीत. त्या ओळींची नावे रिवाजाने ‘एक्स्टेन्शन्स’ या शब्दाने सुरू होत. फाइल साध्या मजकुराची असल्याने कोणालाही वाचता येते, मात्र थंडरबर्ड बंद होताना ती नव्याने लिहितो, म्हणून प्रोग्राम चालू असताना तिच्यात केलेला बदल टिकत नाही. ॲड-ऑन काढल्यावरही या ओळी बहुधा मागे राहतात. फाइल त्यामुळे फुगते हे खरे, पण तेच ॲड-ऑन पुन्हा बसवले की जुन्या सेटिंग्ज परत मिळतात. काही ॲड-ऑनांनी प्रोफाइलमध्ये स्वतःचा फोल्डरही ठेवला. तयार उत्तरांसाठी वापरले जाणारे ‘क्विकटेक्स्ट’ आपले साचे तसे एक्सएमएल फाइलमध्ये ठेवत असे.

नवी पद्धत : २०२० मध्ये आलेल्या ७८व्या आवृत्तीपासून जुन्या घडणीची ॲड-ऑन चालेनाशी झाली आणि ‘मेलएक्स्टेन्शन’ ही घडण सक्तीची झाली. या घडणीत सेटिंग्ज ‘स्टोरेज.लोकल’ या सोयीतून जतन होतात. आरंभी हा साठा ‘ब्राउझर-एक्स्टेन्शन-डेटा’ या फोल्डरात, ॲड-ऑनच्या ओळखनावाखाली, ‘स्टोरेज.जेएस’ या फाइलमध्ये जेसन स्वरूपात असे. पुढे तो इंडेक्स्ड-डीबी या डेटाबेसमध्ये गेला. जुन्या फाइलच्या नावाला ‘मायग्रेटेड’ हे शेपूट लागलेले आढळले तर हे स्थलांतर झाले आहे असे समजावे.

नव्या साठ्याची वाट ‘स्टोरेज’, त्यात ‘डीफॉल्ट’, त्यात ‘मोझ-एक्स्टेन्शन’ने सुरू होऊन ४२९४९६७२९५ या आकड्याने संपणारा लांबलचक नावाचा फोल्डर आणि शेवटी ‘आयडीबी’ अशी जाते. त्या लांब नावात ॲड-ऑनचे नाव कुठेच नसते आणि बहुतेक शोध इथेच अडतात. मधली अक्षरे-आकड्यांची माळ म्हणजे त्या प्रोफाइलपुरता तयार झालेला अंतर्गत क्रमांक (यूयूआयडी). कोणता क्रमांक कोणत्या ॲड-ऑनचा, हे ‘प्रेफ्स.जेएस’मधील ‘एक्स्टेन्शन्स.वेबएक्स्टेन्शन्स.यूयूआयडीज’ या ओळीत सापडते.

आतली फाइल एसक्यूलाइटची असली तरी ती उघडून फारसे हाती लागत नाही. मूल्ये दाबून भरलेली असतात आणि सेटिंग्जच्या नावांतले प्रत्येक रोमन अक्षर वर्णमालेत एक घर पुढे सरकलेले दिसते. वाचण्याचा सरळ मार्ग प्रोग्राममधूनच जातो. ‘डेव्हलपर टूल्स’मधील ‘डीबग ॲड-ऑन्स’ उघडून संबंधित ॲड-ऑनपुढील ‘इन्स्पेक्ट’ दाबावे, म्हणजे ‘स्टोरेज’ या भागात सेटिंग्ज मूळ रूपात दिसतात. ॲड-ऑन नुसते बंद ठेवले तर हा साठा राहतो. ते काढून टाकले तर, मूळ व्यवस्था बदललेली नसल्यास, साठाही पुसला जातो. जुन्या पद्धतीची सवय असलेल्यांचे नुकसान होते ते इथेच.

‘स्टोरेज.सिंक’ : ‘स्टोरेज.लोकल’शिवाय ॲड-ऑनांना सेटिंग्ज जतन करण्यासाठी असलेल्या या दुसऱ्या सोयीचा साठा वेगळ्या एसक्यूलाइट फाइलमध्ये असतो.

पासवर्ड : प्रोग्रामच्या पासवर्ड व्यवस्थेकडे सोपवलेले पासवर्ड ‘लॉगिन्स.जेसन’ आणि ‘की४.डीबी’ या जोडफाइलींत असतात. एकीची नक्कल दुसरीवाचून निरुपयोगी.



जतन : ॲड-ऑनमध्ये निर्यातीची सोय असेल तर ती आधी वापरावी. नसेल तर थंडरबर्ड पूर्ण बंद करून अख्ख्या प्रोफाइल फोल्डरची नक्कल घ्यावी. एकट्या ॲड-ऑनचा साठा-फोल्डर उचलून दुसऱ्या प्रोफाइलमध्ये ठेवल्यास तो ओळखला जात नाही, कारण तिथे त्याच ॲड-ऑनचा अंतर्गत क्रमांक वेगळा असतो.