पैसा परदेशी जातो तेव्हा

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती देणारी मी, यंदा इतिहासावर लिहावयास बसले आहे याचे भगिनींना नवल वाटेल. माझी शाळा सातवीपर्यंतच झाली. तेव्हा हा इतिहास लढायांचा नाही, पैशाच्या वाटेचा आहे. वसईतील पुष्कळ घरांत पूर्वी परदेशातून पैसा येत असे. आता पुष्कळ घरांतून तो परदेशी जातो. ही वाट उलटली आणि त्याच सुमारास त्या वाटेवर आपला हात धरणारा माणूस नाहीसा झाला. हे मला गेल्या वर्षी चांगलेच समजले.

जुन्या लोकांचा पैसा म्हणजे मनिऑर्डर. पोस्टाने ती १८८० साली सुरू केली. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहावयास जागा असे. पोस्टमन ओटीवर बसून नोटा मोजी, त्या ओळी वाचून दाखवी आणि अंगठा घेई. ती जुनी मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली. बँक आपल्याकडे आली ती सावकाराच्या जाचातून. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतपेढ्या काढण्याची सोय झाली, आणि १९१८ साली पापडीस मॉन्सिन्यॉर पी. जे. मोनीस यांनी जी संस्था काढली तीच आजची बसीन कॅथॉलिक बँक. पुढे १९६९ साली सरकारने १४ मोठ्या बँका ताब्यात घेतल्या आणि खेडोपाडी शाखा निघू लागल्या.

मग आखात आले. तिकडे आपला रुपया चालत असे, हे मला अलीकडेच कळले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. कुवेतने १९६१ साली स्वतःचा दिनार केला. १९७३ नंतर तेलाचा भाव चढला, तशी आपल्याकडील माणसे कामासाठी तिकडे जाऊ लागली. त्यांत माझे सासरेही होते.

सासूबाई सांगतात, ड्राफ्ट रजिस्टर पोस्टाने यावयाचा. तो पदराखाली धरून त्या बँकेत जात. खिडकीपलीकडील कारकुनाला त्या भाऊच म्हणत. भाऊ स्लिप भरी, सही कोठे करावयाची तेथे पेन्सिलने फुली करी, आणि ड्राफ्टबरोबर चिठ्ठी आली असेल तर तीही वाचून दाखवी. ड्राफ्ट वटावयास वीस-पंचवीस दिवस लागत. वटला की शेजारच्या मुलाबरोबर निरोप येई, "मावशींना सांग, पैसे जमा झाले." मी लग्न होऊन आले तेव्हाही असेच होते. फुली करणारा माणूस मात्र बदलला होता.

आता त्या दिवसांचे गोडवेच गावे असे मला वाटत नाही. किती पैसे आले ते भाऊस कळे आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीस कळे. सासूबाईंनी चार पैसे बाजूला टाकावयाचे ठरविले तर तेही झाकून राहत नसे. एकदा त्यांनी बांगड्यांसाठी पैसे काढले, ते चुलत दिरांना त्यांच्या आधी ठाऊक! ओळखीच्या माणसाच्या हातून काम होते, तेव्हा ओळखीचा काचही सोसावा लागतो.

पैसा बाहेर पाठविण्याची गोष्ट मात्र आपल्यासारख्यांसाठी नव्हतीच. १९४७ चा आणि नंतर १९७३ चा परकीय चलनाचा कायदा फार कडक. एके काळी परदेशी निघालेल्या माणसास जेमतेम ८ डॉलर हातात मिळत. १९९९ चा नवा कायदा जून २००० पासून लागू झाला, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या माणसास वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची मोकळीक दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलरची आहे. म्हणजे आपल्यासाठी हे दार उघडून पुरती पंचवीस वर्षेही झाली नाहीत.

आमचा थोरला कॅनडात शिकावयास गेला. तेथील सरकारने २०२४ च्या जानेवारीपासून विद्यार्थ्याने दाखवावयाची खर्चाची रक्कम १०,००० वरून एकदम २०,६३५ डॉलर केली. त्यात आमची वाडीच्या पैशाची ठेव मोडली. पुढे फीचा हप्ता पाठविण्याचे काम माझ्याकडे आले, कारण ह्यांना विरारची पहाटेची गाडी गाठावयाची असते आणि खाते दोघांच्या नावावर आहे.

मी बँकेत गेले. नाव घेत नाही. चार खिडक्यांच्या जागी एक उरलेली, आणि तेथे नुकतीच बदली होऊन आलेली मुलगी. ती म्हणाली, "काकू, हे मोबाईलवर होते." तिला तरी काय बोल लावावा, मागे वीस माणसांची रांग होती. घरी येऊन धाकट्याच्या मदतीने मी सर्व रकाने भरले. एका रकान्यात विचारले होते की वाटेतील खर्च कोणी सोसावयाचा: पाठविणाऱ्याने, घेणाऱ्याने की दोघांनी. मी 'दोघांनी' वर खूण केली. मला ते न्यायाचे वाटले!

खरी गोम अशी की परदेशी नोटा जातच नाहीत. जातो तो निरोप. १९७३ साली बेल्जियममध्ये स्विफ्ट नावाची संस्था बँकांनी मिळून काढली, तिच्या जाळ्यातून एक बँक दुसरीस कळविते की अमक्याच्या खाती इतके मांडा. दोन्ही बँकांचे आपसांत खाते नसेल तर मध्ये तिसरी बँक येते, आणि ती आपली दस्तुरी त्या रकमेतूनच कापून घेते. (आपल्याकडची तार २०१३ साली बंद झाली, तरी या पाठवणीस लोक अजून टी. टी., म्हणजे तारेचे पैसे, म्हणतात.)

कॉलेजात २५ डॉलर कमी पोहोचले. फी अपुरी म्हणून त्यांनी मुलाची नावनोंदणी अडवून ठेवली. नोंदणी नाही तर विद्यार्थी नाही, आणि विद्यार्थी नाही तर तेथे राहावयाचे कसे? रात्री दोन वाजता त्याचा फोन आला, तेव्हापासून उजाडेपर्यंत मी देवापुढे बसून होते. वेगळे २५ डॉलर पाठवावयाचे तर त्यांच्याहून खर्च अधिक, आणि तेही चार दिवसांनी पोहोचणार. बँकेच्या फोनवर एक अंक दाबा, दोन अंक दाबा, असे पाऊण तास चालले. शेवटी आपल्याच मंडळातील एका बाईंची लेक तेथे नोकरीस आहे, तिने दुसऱ्या दिवशी ते पैसे भरले.

मी त्या बाईंना रुपये देऊ लागले, तर त्या घेईनात. ह्यांनीही सांगितले की असा हिशेब इकडच्या इकडे मिटविणे कायद्यात बसत नाही, मोठ्या रकमेत त्यालाच हवाला म्हणतात. तेव्हा आगाशीहून सुकेळी आणून त्यांच्या घरी पोहोचती केली.

सासूबाईंनी हे सारे ऐकले आणि एवढेच विचारले, "फुली करावयास कोणी नव्हते का?"

पुढचा हप्ता जानेवारीत जावयाचा आहे. त्या फॉर्मची एक प्रत मी काढून ठेवली आहे आणि खर्चाच्या रकान्यात 'पाठविणाऱ्याने' यापुढे तांबड्या पेन्सिलने फुली केली आहे. ज्या भगिनींची मुले बाहेर आहेत त्यांनी दुपारी तीननंतर यावे, मी घरीच असते.