धोट्यातली कांडी आणि गळाची काठी

हलक्या स्पिनिंग काठीची आणि रीलची परीक्षा आमिषाच्या वजनावर होते. दोन ते सात ग्रॅमचे पितळी पाते किंवा लाकडाची इवलीशी मासोळी वीस-पंचवीस मीटरवर, हेरून ठेवलेल्या दगडाच्या कडेलाच पडली पाहिजे. तिला लागलेला मासा चार-सहा पौंडांचा ताण सोसणाऱ्या दोऱ्यावर काठापर्यंत आणता आला पाहिजे. आज सहा फुटी काठी आणि मुठीत मावणारे रील हे काम सहज करतात. सव्वाशे वर्षांपूर्वी ते जवळपास अशक्य होते. ते शक्य झाले त्याचे श्रेय मासेमारांइतकेच गिरणीवाले, घड्याळजी आणि रसायनशास्त्रज्ञ यांच्याकडे जाते.

अडचण रीलच्या रचनेतच होती. एकोणिसाव्या शतकातल्या रीलमध्ये आमिष फेकताना स्पूल स्वतः गरगर फिरत असे. थांबलेल्या स्पूलला गती द्यायची तर आमिष जड हवे; हलक्या आमिषाला त्याला खेचायची ताकद नसे. एकदा फिरू लागलेला स्पूल आमिष मंदावले तरी फिरतच राही, आणि सुटलेल्या दोऱ्याचा गुंता होई. अंगठ्याने स्पूल नेमका दाबत राहणे हाच उपाय होता, आणि तो अंगी बाणायला वर्षे लागत. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या पॅरिस गावी जॉर्ज स्नायडर या घड्याळजीने शतकाच्या पहिल्या काही दशकांत दातेरी चाके बसवलेले रील घडवले. हँडलच्या एका फेऱ्यात स्पूलचे अनेक वेढे होऊ लागले, त्यामुळे दोरा झपाट्याने परत येई. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमची लाकडी रिले इतकी सफाईने फिरत की ट्रेंट नदीच्या ओढीने तरंगा पुढे सरके तसतसा दोरा आपोआप सुटे. दोन्ही साधने आपापल्या जागी उत्तम होती. हलके आमिष दूर फेकण्याचा प्रश्न मात्र दोघांनीही सोडवला नव्हता.

पहिली वाट स्कॉटलंडमध्ये सापडली. टे नदीकाठच्या पर्थ शहरातल्या पीटर मॅलॉकने १८८४ मध्ये एका रीलचे पेटंट घेतले. त्याच्या रीलचा स्पूल फेकीच्या वेळी काटकोनात वळवता येई, म्हणजे त्याचे तोंड काठीच्या टोकाकडे होई. मग स्पूल न फिरता दोरा त्याच्या कडेवरून वेढ्यावेढ्याने निसटे. गुंडाळताना स्पूल पुन्हा मूळ जागी आणायचा. यात खोट एकच होती, पण ती मोठी होती. कडेवरून सुटणाऱ्या प्रत्येक वेढ्यामागे दोऱ्याला एक पीळ पडे, आणि सरळ गुंडाळताना तो पीळ आतच राही. काही फेकींनंतर दोरा स्वतःभोवती आवळू लागे.

हा पीळ काढण्याची युक्ती यॉर्कशायरमधून आली. ब्रॅडफर्ड हे त्या काळी लोकरी कापडाचे जगातले मोठे केंद्र होते. तिथल्या कापड उद्योगातल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थने १९०५ मध्ये स्थिर स्पूलच्या रीलचे पेटंट घेतले. मागाच्या धोट्यातली कांडी ज्याने पाहिली आहे, मग ती इचलकरंजीची असो की मालेगावची, त्याला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. धोटा सटासट इकडून तिकडे धावतो, कांडी जागची हलत नाही, आणि सूत तिच्या टोकावरून विनासायास सुटत राहते. इलिंगवर्थच्या रीलमध्ये स्पूल कायम काठीच्या टोकाकडे तोंड करून असे. गुंडाळताना हँडल फिरवले की एक आकडा स्पूलभोवती फिरे आणि दोरा त्यावर चढवी. स्पूल मागेपुढे सरकत राही, म्हणून वेढे एकसारखे बसत. फेकताना पडलेला पीळ आकड्याच्या उलट फेऱ्यांनी निघून जाई. मॅलॉकच्या वीस वर्षे जुन्या दोषाचे इतके साधे उत्तर मिळाले, आणि आजचे प्रत्येक स्पिनिंग रील याच तत्त्वावर चालते.

एवढ्या चांगल्या यंत्राचा प्रसार मात्र संथ झाला, कारण त्याला साजेसा दोरा नव्हता. रेशमाचा दोरा बारीक केला तर कमकुवत होई. तो पाणी पिऊन जड होई, आणि दिवसाअखेर स्पूलवरून उलगडून वाळवला नाही तर कुजे. तरीही १९३०च्या दशकात अलेक्झांडर वॉनलेस या स्कॉटिश लेखकाने अतिशय बारीक दोऱ्याच्या या पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. ब्रिटनमध्ये ती ‘थ्रेडलाइन’ म्हणून ओळखली गेली. उन्हाळ्यात आटलेल्या, काचेसारख्या नितळ ओढ्यातला ट्राउट मासा जाड दोरा पाहून बिथरतो. तिथे या हलक्या साहित्याची पहिली कसोटी लागली, आणि ते टिकले. विरोधही झाला. अनेक ट्राउट नद्यांवर फक्त माशी-आमिषालाच परवानगी होती आणि स्पिनिंगला मज्जाव होता. नवशिक्यालाही पहिल्याच दिवशी नीट फेक जमू लागली, यात परंपरावाद्यांना कौशल्याचा अपमान दिसे. त्यांची भीती पूर्ण निराधार नव्हती; फार सोप्या साधनाने नदी लवकर रिकामी होऊ शकते.

याच दशकात अल्निकच्या हार्डी ब्रदर्स या कंपनीने ‘ऑल्टेक्स’ रीलला तारेची पूर्ण कमान बसवली. मच्छीमार तिला ‘बेल’ म्हणतात. कमान उघडून फेकायचे. हँडल फिरवताच ती मिटते आणि दोरा आपोआप पकडते. अंधारात किंवा गारठलेल्या बोटांनीही हे जमते. पेटंट हार्डीकडे असल्यामुळे इतर कारखान्यांना बरीच वर्षे अर्ध्या कमानीवर किंवा बोटाने दोरा अडकवण्यावर भागवावे लागले. १९५०च्या दशकात मुदत संपली आणि पूर्ण कमान सगळीकडे आली.

काठीचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला आणि त्याचे एक टोक भारतात आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत काठ्यांसाठी कलकत्त्याहून जाणारा बांबू मोठ्या प्रमाणात वापरला जाई. तो चिरून, तासून, सहा त्रिकोणी पट्ट्या सरसाने जोडून षट्कोनी काठी बनवत. विसाव्या शतकात चीनच्या ग्वांगडोंगमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली, कारण त्याच्या बाहेरच्या थरातले तंतू अधिक दाट आणि लवचीक असतात. १९५० मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि अमेरिकी कारागिरांचा हा पुरवठा आटला. तोवर पर्याय तयार होता. आर्थर हॉवल्ड या रसायनतज्ज्ञाने १९४०च्या दशकात मोडक्या बांबूच्या काठीचे टोक काचतंतू आणि रेझिनमधून बनवून पाहिले होते. १९४७ मध्ये शेक्सपिअर कंपनीने फायबरग्लासची काठी बाजारात आणली. ती पाण्याने फुगत नव्हती, स्वस्त होती, आणि आपटल्याने सहसा तुटत नव्हती.

स्पिनिंगच्या काठीला आणखी एक गरज होती, ती कड्यांची. स्थिर स्पूलवरून दोरा मोठ्या वेढ्यांत सुटतो. म्हणून रीलजवळचे पहिले कडे मोठे हवे आणि पुढची कडी क्रमाने लहान होत जायला हवीत. हा उतार चुकला तर उत्तम रीलचीही फेक अर्ध्यावर येते. काठीच्या परीक्षेला आकड्यात बसवायचे काम इंग्लंडमध्ये रिचर्ड वॉकरच्या लेखनाने रुजवले. टोक मुठीशी काटकोनात वाकवायला जितके पौंड लागतात तितकी त्या काठीची ताकद, आणि त्याच्या साधारण पाचपट पौंडांचा दोरा तिला शोभतो, असा हा हिशेब होता. वॉकरने १९५२ मध्ये रेडमायर तळ्यात ४४ पौंडांचा कार्प मासा स्वतः बनवलेल्या बांबूच्या काठीवर धरला, आणि तो मासा पुढे लंडनच्या प्राणिसंग्रहालयात राहिला. त्यानंतर या हिशेबाकडे दुर्लक्ष करणे कोणालाच सोपे राहिले नाही.

सगळ्यात मोठा बदल दोऱ्याने केला. अमेरिकेत ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये नायलॉन तयार झाले. पाठोपाठ त्याचा अखंड तंतू मासेमारीत आला. कोकणात त्यालाच तंगूस म्हणतात. तंगूस कुजत नाही, पाण्यात जवळजवळ दिसत नाही आणि ताणले की थोडे लांबते. ही लांबण्याची सवय पातळ दोऱ्यावर माशाच्या झटक्याचा धक्का पचवते. सुरुवातीचे तंगूस ताठ होते आणि स्पूलवरून स्प्रिंगसारखे उसळे. १९५०च्या दशकाअखेर ते बरेच मऊ झाले. इलिंगवर्थच्या रीलला हवा होता तो दोरा अर्ध्या शतकाने मिळाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे रील जगभर पोचवले ते फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातल्या क्लूझ गावाने. आर्व नदीच्या या खोऱ्यात घड्याळांचे सुटे भाग बनवण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. तिथल्या कार्पानो अँड पोन्स कंपनीचे ‘मिचेल’ रील अमेरिकेत अमाप खपले, आणि त्याचे छोटे रूप ‘मिचेल ३०८’ हलक्या काठीचे जोडीदार झाले. स्वीडनच्या स्वँग्स्टामधली आबू कंपनीही १९२१ मध्ये घड्याळांसाठीच निघाली होती. पुढे ती टॅक्सीमीटर बनवू लागली आणि महायुद्धात ती मागणी आटल्यावर रीलकडे वळली. रीलच्या धंद्यात घड्याळजी पुन्हा पुन्हा का दिसतात, याचे उत्तर दातेरी चाकात आहे. पाच ग्रॅमचे आमिष पाण्यात कसे डोलते आहे हे हाताला कळायचे, तर चाकांत जराही खडखड चालत नाही. १९७० मध्ये जपानच्या साकाई शहरातल्या शिमानो कंपनीनेही या क्षेत्रात पाऊल टाकले. तिची सुरुवात सायकलच्या फ्रीव्हीलने झाली होती.

पाणी बदलले की साहित्याच्या उणिवा उघड्या पडत. नदीत प्रवाहच आमिष नाचवतो, तळ्यात ते हँडलने नाचवावे लागते. म्हणून तळ्यावर रीलचा वेग महत्त्वाचा ठरला. समुद्रावर खारे पाणी सांध्यांत शिरून धातूला पांढरा, बुरशीसारखा गंज चढवी, आणि वाळूचा एक कण कमानीची स्प्रिंग अडवी. मोठा मासा पळाला की ड्रॅगची कसोटी लागे. ड्रॅग म्हणजे ठरावीक ताणानंतर स्पूल घसरू देणारी चकत्यांची जोडणी. ती दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांशावर लावतात. चकत्या सुरुवातीलाच अडकल्या तर पहिल्या झटक्यात दोरा तुटतो. ड्रॅग घसरत असताना हँडल फिरवत राहण्याची चूकही नडते: दोरा आत येत नाही, प्रत्येक फेऱ्याला नुसता पीळ चढतो.

भारतात हलक्या साहित्याला महसीर माशाने मर्यादा दाखवून दिल्या. मद्रास इलाख्यातल्या सनदी नोकरीत असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमसचे ‘द रॉड इन इंडिया’ हे महसीरच्या मासेमारीची माहिती देणारे पुस्तक १८७३ मध्ये निघाले. महसीर दगडांच्या खाचांतून सुसाट पळतो आणि जबड्याच्या दाबाने गळ चेपून टाकतो, त्यामुळे त्याच्यासाठी जाड गळ आणि भक्कम काठीच वापरावी लागे. लहान महसीर मात्र छोट्या चमच्याच्या आमिषावर हलक्या काठीनेही येतो. महाराष्ट्रात या माशाची गोष्ट जपणुकीची आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीत तो देवाचा मासा म्हणून राखला जातो, आणि लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने त्याची पैदास केली.

१९६०च्या दशकात फार्नबरोच्या ब्रिटिश विमानसंशोधन केंद्रात मजबूत कार्बनतंतू तयार करण्याची पद्धत विकसित झाली, आणि १९७३ मध्ये अमेरिकेत फेनविकने त्याच्या काठ्या आणल्या. वजन निम्म्यावर आले आणि माशाचा हलका स्पर्शही मुठीपर्यंत पोचू लागला. १९९०च्या दशकात पॉलिइथिलीनचा विणलेला दोरा आला. तो त्याच जाडीच्या तंगुसापेक्षा कितीतरी मजबूत असतो आणि जवळजवळ लांबत नाही. मग धक्का पचवण्याचे काम काठीच्या टोकावर आणि ड्रॅगवर आले. जुन्या मऊ कड्यांत हा दोरा खाचा पाडी, म्हणून कडक सिलिकॉन कार्बाइडची कडी रुळली. कोकणच्या आणि गोव्याच्या खाड्यांत तिवरांच्या मुळांशी जिताडा किंवा तांबोशी गरवणारे आज हाच विणलेला दोरा वापरतात आणि त्याच्या टोकाला हातभर जाड तंगूस बांधतात. तिवरांच्या मुळांवरचे कालव विणलेला दोरा क्षणात कापतात, जाड तंगूस त्यांच्या घासण्याला काही काळ टिकते.