यॉर्कचा तट कोणी राखला?

इंग्लंडच्या उत्तर भागात ऊझ नदीच्या काठी यॉर्क नावाचे शहर आहे. इ. स. ७१ च्या सुमारास रोमन सैन्याने येथे छावणी घातली, आणि ३०६ मध्ये येथेच सैनिकांनी कॉन्स्टंटाइनला बादशहा म्हणून पुकारले. ८६६ मध्ये डेन लोकांनी शहर जिंकले. त्यांची भाषा रस्त्यांच्या नावांतून अजून वावरते आहे. यॉर्कमध्ये ‘गेट’ म्हणजे रस्ता, आणि ज्याला आपण वेस म्हणतो तिला तेथे ‘बार’ म्हणतात! नवखा माणूस हमखास गोंधळतो.

या शहरात येणारा प्रवासी एकदा तरी तटावर चढतोच. तटाची लांबी सुमारे ३.४ किलोमीटर, इंग्लंडातील दुसऱ्या कोणत्याही शहराचा इतका लांब तट आज शिल्लक नाही. दगडी काम बहुतांशी तेराव्या-चौदाव्या शतकांतले. वरून चालायला पैसा पडत नाही. वसंतात तटाखालच्या मातीच्या उतारावर डॅफोडिलची पिवळी फुले दाटतात, आणि पलीकडे १४७२ मध्ये पुरे झालेल्या प्रार्थनामंदिराचे, मिन्स्टरचे, मनोरे दिसतात. १४६० मध्ये लढाईत पडलेल्या ड्यूक ऑफ यॉर्कचे मस्तक ज्या मिकलगेट बारवर टांगले होते, त्या वेशीखालून आज मुले शाळेला जातात.

हे पाहून आपण म्हणतो, या लोकांनी पूर्वजांची ठेव कशी प्राणपणाने जपली! परंतु श्रोतेहो, हा तट पाडायला एके काळी खुद्द शहराचीच कॉर्पोरेशन निघाली होती. १८०० साली तिने त्यासाठी पार्लमेंटच्या कायद्याची खटपट केली. तिचे म्हणणे अगदीच वेडगळ होते असे नाही. तोफांच्या जमान्यात तटाचा उपयोग उरला नव्हता, डागडुजीचा खर्च मात्र चालू होता, आणि अरुंद वेशींत गाड्या अडकत होत्या. आपण त्या सभेत बसलो असतो तर हात कोणत्या बाजूने वर केला असता, हे ज्याने त्याने मनाशी विचारावे.

या बेताला मोठा विरोध झाला. त्यात यॉर्कलाच १७८७ मध्ये जन्मलेला चित्रकार विल्यम एटी पुढे होता. लंडनच्या रॉयल अकॅडमीचा सभासद होऊनही त्याने गावाचा पिच्छा सोडला नाही. पत्रे लिहिली, व्याख्याने दिली. नागरिकांनी वर्गणी काढून तटाचा काही भाग दुरुस्त केला आणि तो फिरण्यासाठी खुला झाला. ही गोष्ट फार मोलाची ठरली. उपयोग संपलेल्या तटाला लोकांनी नवा उपयोग मिळवून दिला. गाड्यांची अडचणही पुढे दूर झाली. मिकलगेट बार आणि मंक बार यांच्या शेजारी तटातच जादा कमानी काढल्या, आणि वेशी जागच्या जागी राहिल्या.

मात्र हा विजय पुरता नव्हता. वाद चालू असतानाच तीन वेशींपुढचे दगडी आडकोट, तीन दिंड्या, पाच बुरूज आणि सुमारे ३०० यार्ड तट जमीनदोस्त झाला. आडकोट उरला तो एका वॉमगेट बारचा. सबंध इंग्लंडात शहराच्या वेशीपुढचा असा आडकोट आज तेवढाच आहे. बाकीचे तीन कोणाही शत्रूने पाडले नाहीत. १६४४ च्या वेढ्यातून जे वाचले, ते ठरावांनी गेले.

पुढच्या काळात शहराने धडा घेतला असे दिसते. कॉपरगेट रस्त्यालगत नव्या इमारती उठायच्या होत्या, तेव्हा १९७६ ते १९८१ या वर्षांत आधी उत्खनन झाले आणि डेन लोकांच्या वस्तीतली लाकडी घरे मातीखालून वर आली. १९८४ पासून त्याच जागी ती वस्ती प्रवाशांना दाखवली जाते, आणि वर दुकानेही चालतात.

वारसा पूर्वजांचा असतो खरा, परंतु त्याचे भवितव्य ठरते ते ज्या पिढीला तो अडचण वाटतो तिच्या हातून. अभिमान बाळगणाऱ्या पिढ्या नंतर येतात. त्यांच्या वाट्याला फक्त उरलेले येते. एटीचा पुतळा आज बूथम बारपासून थोड्याच अंतरावर उभा आहे. त्या वेशीचा आडकोट मात्र त्यालाही वाचवता आला नाही.