घाणा, गिरणी आणि वर्धा : शेंगदाणा तेलाची गोष्ट

१/ आज कुहीसारख्या तालुक्याच्या गावीही शेंगदाणा तेल घेताना प्रश्न येतो : रिफाइंड की घाण्याचे? हा वाद नवा नाही. सुमारे ९० वर्षांपूर्वी तो शेजारच्या वर्ध्यात रंगला होता. 🧵

२/ आधी घाणा. लाकडी वा दगडी उखळ, तीत फिरणारी लाट आणि जुंपलेला बैल. उष्णता कमी, म्हणून तेलाचा वास व रंग टिकतो. मात्र ढेपेत बरेच तेल उरते. विदर्भात तेली समाजाची उपजीविका यावरच होती.

३/ गिरणीत दाणे भरडून, वाफवून एक्स्पेलरच्या मळसूत्राने दाबतात. ढेपेत उरलेले तेल हेक्झेन या द्रावकात विरघळवून काढतात. शेवटी जेमतेम एक टक्का तेल मागे राहते.

४/ मग शुद्धीकरण. पाण्याने चिकट द्रव्ये वेगळी होतात. कॉस्टिक सोड्याने मुक्त आम्लांचा साबण बनून निघतो. विशिष्ट मातीने रंग शोषला जातो. आणि निर्वातात, २०० अंशांहून अधिक तापमानाला, वाफ सोडून वास घालवतात.

५/ पुढची पायरी वनस्पती तूप. १९०२ मध्ये जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याचे पेटंट घेतले. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. कारखाना मुंबईत शिवडीला, मुख्य कच्चा माल शेंगदाणा तेल.

६/ याच काळात, डिसेंबर १९३४ मध्ये, वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजी प्रेरक, जे. सी. कुमारप्पा चिटणीस, मुक्काम मगनवाडी. तिथे झवेरभाई पटेल यांनी घाण्यात सुधारणा केल्या.

७/ संघाचा मुद्दा केवळ चवीचा नव्हता. शेंग गिरणीला गेली की तेलासोबत ढेप आणि मजुरीही गाव सोडते. घाण्याच्या ढेपेतले तेल वाया जात नाही. ते गुरांच्या पोटी जाते. ‘कार्यक्षमता’ मोजायची कोणाच्या हिशेबाने, हा खरा प्रश्न होता.

८/ दुसरी तक्रार भेसळीची. वनस्पती तुपात सहज खपे. त्याला रंग देण्याची मागणी झाली; अखेर त्यात किमान ५ टक्के तिळाचे तेल सक्तीचे झाले. बोडोइन चाचणीत तिळाचे तेल लालसर रंग देते आणि भेसळ उघडी पडते.

९/ पण घाणा निर्दोष नव्हे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याची पेंड खाऊन एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. हे विष कच्च्या तेलातही उतरते. रिफायनिंगमध्ये ते बहुतांशी निघून जाते.

१०/ आजचा ‘लाकडी घाणा’ बहुधा विजेवर फिरतो. चव परतली, मात्र मजुरी आणि ढेप गावाकडे परतली का, हे बाटलीवर लिहिलेले नसते. तुमच्या गावात जुन्या घाण्याची उखळ उरली असेल, तर ती कोणत्या घराची होती हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि खाली नोंदवा. तोही इतिहासच आहे.