फोटॉन संकल्पना : उगम व स्वीकार

फोटॉन म्हणजे विद्युत् चुंबकीय प्रारणाचा (तरंगरूपी ऊर्जेचा) अविभाज्य ऊर्जापुंज. या संकल्पनेची कसोटी ज्या प्रकाशविद्युत् परिणामावर लागली, तो परिणाम मात्र प्रकाशाच्या तरंग सिद्धांताला पुष्टी देणाऱ्या प्रयोगांतच प्रथम आढळला.

१८८७ साली कार्ल्सरूए येथे हाइन्रिख हर्ट्‌झ (१८५७–९४) विद्युत् चुंबकीय तरंगांचा अभ्यास करीत होते. मूळ ठिणगीचा प्रकाश ग्राहकाच्या फटीवर पडला की, तेथील ठिणगी अधिक अंतर ओलांडते, असे त्यांना दिसले. मध्ये काच धरल्यास परिणाम मंदावे, क्वॉर्ट्‌झ धरल्यास टिकून राही. यावरून त्यास जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारण कारणीभूत असल्याचे स्पष्ट झाले. या परिणामात धातूतून बाहेर पडणारे कण इलेक्ट्रॉन असल्याचे जे. जे. टॉमसन यांनी १८९९ मध्ये दाखविले.

१९०२ मध्ये फिलिप लेनार्ट यांना असे आढळले की, प्रकाशाची तीव्रता वाढविल्यास इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते. पण त्यांची कमाल गतिज ऊर्जा तेवढीच राहते. तरंग सिद्धांताने याचा उलगडा होईना. १९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांत असते व पुंजाची ऊर्जा कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) सम प्रमाणात असते, असे गृहीत धरले. एक पुंज एकाच इलेक्ट्रॉनास ऊर्जा देतो. जस्तातून इलेक्ट्रॉन काढण्यास सु. ४·३ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा लागते. तांबड्या प्रकाशाच्या पुंजात ती सु. १·८, तर जांभळ्याच्या पुंजात सु. ३·१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. म्हणून सर्वसाधारण दृश्य प्रकाश कितीही प्रखर केला, तरी जस्तातून इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत. क्षीण जंबुपार प्रारणाने मात्र ते पडतात.

हे गृहीतक रॉबर्ट मिलिकन (१८६८–१९५३) यांना पटले नव्हते. शिकागो येथे त्यांनी निर्वात नळीतच सोडियम, पोटॅशियम इ. धातूंचे पृष्ठ खरवडून स्वच्छ करण्याची युक्ती योजिली आणि कित्येक वर्षे सूक्ष्म मापने केली. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांवरून आइन्स्टाइन यांचे समीकरण अचूक ठरले. त्यांवरून प्लांक स्थिरांकाचे मूल्य ६·५७ × १०<sup>-२७</sup> अर्ग-सेकंद आले (आधुनिक मूल्य सु. ६·६२६ × १०<sup>-२७</sup>). तरीही मिलिकन यांनी समीकरण स्वीकारले व पुंजाची कल्पना नाकारली. कारण व्यतिकरण व विवर्तन यांसारख्या आविष्कारांशी तिचा मेळ बसत नव्हता. आइन्स्टाइन यांना १९२१ सालचे नोबेल पारितोषिक देतानाही (प्रत्यक्ष प्रदान १९२२) प्रकाशविद्युत् परिणामाच्या नियमाचा उल्लेख झाला, पुंजाचा नाही.

१९२३ मध्ये आर्थर कॉम्प्टन यांनी इलेक्ट्रॉनांवरून प्रकीर्णन झालेल्या (विखुरलेल्या) क्ष-किरणांची तरंगलांबी वाढते, हे दाखवून त्याचा उलगडा संवेगयुक्त पुंजांच्या आघाताने केला. १९२४ मध्ये डाक्का येथील सत्येंद्रनाथ बोस यांनी परस्परांपासून वेगळे न ओळखता येणारे पुंज मानून प्लांक यांचा प्रारण नियम मिळविला. त्यानंतर विरोध मावळत गेला. ‘फोटॉन’ हे नाव गिल्बर्ट ल्यूइस यांच्या १९२६ मधील लेखामुळे प्रचारात आले, जरी त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ वेगळा होता.

तरंग सिद्धांत यामुळे बाद झाला नाही. पॉल डिरॅक यांनी १९२७ मध्ये पाया घातलेल्या पुंज विद्युत् गतिकीत तरंग व कण ही दोन्ही रूपे एकाच सिद्धांतात सामावली गेली.